मंगळूची चतुःसीमा

बाजाराच्या दिवशी मोखाड्यात पाय ठेवायला जागा नसते. जीपच्या टपावर कोंबड्यांच्या दुरड्या, आत गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं, आणि रस्त्याच्या कडेला सुकट, मिरच्या, प्लास्टिकच्या चपला असं सगळं एका ओळीत. त्या गर्दीतून मान वर केलीत तर किराणा दुकानाच्या माडीवरची एक खिडकी उघडी दिसेल. खिडकीत धर्मेंद्र बसलेला असतो. वय एकोणसाठ, कानाला मफलर, कपाळावर सरकवलेला चष्मा. त्याच्या पाठीमागे त्याचं मशीन गुरगुरत असतं. गेली सत्तावीस वर्षं बाजाराच्या दिवशी सकाळी नऊला तो ते सुरू करतो आणि संध्याकाळी पाचला बंद करतो. कुणी कारण विचारलंच तर म्हणतो, "मशीन बसून राहिलं की मरतं." बरोबरच आहे म्हणा. माणसाचंही तसंच होतं, पण ते त्याला सांगणार कोण?

मशीन म्हणजे तुमच्या-माझ्या घरी असतो तसला कॉम्प्युटर नव्हे. त्याला वर्कस्टेशन म्हणतात. रुंद, चपटं, करड्या रंगाचं खोकं आणि त्यावर दोन माणसांनी उचलावा असा जाडजूड टीव्हीसारखा पडदा. एके काळी मोठ्या कारखान्यांत नकाशे आणि यंत्रांची चित्रं काढायला हीच मशीनं असत. किंमत अशी की तेवढ्यात जव्हारला घर झालं असतं. आता ती भंगारात किलोवर जातात. पण कुठे भिवंडीत एखाद्याचं कापडाचं नक्षीकाम अजून अशाच मशीनवर अडलेलं असतं, कुठे नाशकातल्या कारखान्यातलं मोजमापाचं यंत्र दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही. अशी माणसं शोधत शोधत धर्मेंद्रपर्यंत येतात. येतात म्हणजे फोन येतो. खोकं एसटीच्या पार्सलने येतं आणि पार्सलनेच परत जातं. कित्येक गिऱ्हाइकांचं तोंडही त्याने पाहिलेलं नाही.

हात मात्र सोन्याचा. मशीन उघडलं की आधी तो नाक आत घालतो. सुकटीसारखा वास आला की समजायचं, वीजपुरवठ्याच्या डब्यातले कपॅसिटर गळले. या जातीच्या मशीनांची आणखी एक खोड आहे. आत घड्याळाची एक चिप असते आणि तिच्या पोटातच सेल बसवून वरून तोंड बंद केलेलं असतं. दहा-बारा वर्षांनी सेल मेला की मशीन तारीख विसरतं, आणि स्वतःचा नंबरही विसरतं. आतला प्रोग्राम त्या नंबराशिवाय उघडत नाही. कंपनी म्हणणार, चिप मिळत नाही, फेकून द्या. धर्मेंद्र त्या चिपचं डोकं कानशीने घासतो, आत दोन केसाएवढ्या तारा शोधून काढतो, त्यांना सोल्डर करून बाहेरून नवा सेल जोडतो आणि मशीनला त्याचा नंबर पुन्हा शिकवतो. हे काम करताना तो मशीनशी बोलतो. मशीनशीच बोलतो, दुसरं आहे कोण?

तो मूळचा जव्हारचा. नाशकात डिप्लोमा केला, मुंबईत या मशीनांची देखभाल करणाऱ्या कंपनीत लागला. अठ्ठ्याण्णव साली मोखाड्यात एक संस्था आली. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची माणसं जंगलात पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होती, पण कागदावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. संस्थेने ठरवलं, प्रत्येक तुकडा मोजायचा आणि नकाशावर आणायचा. कुणीतरी देणगीत हे मशीन दिलं, आणि मशीनसोबत सहा महिन्यांसाठी धर्मेंद्र आला. आजतागायत ते सहा महिने चालू आहेत.

मोजणीची पोरं पाड्यांवर जायची, फॉर्म आणायची, आणि धर्मेंद्र ते मशीनमध्ये भरायचा. बाजाराच्या दिवशी माणसं गावात यायचीच. मग माडीवर चढून आपापलं शेत पडद्यावर बघायची. "हा ओहोळ आमचा. हा मव्हाचा झाड काढला नाय तुम्ही." धर्मेंद्र चिडायचा, पण दुरुस्त करायचा. जिन्यावर चपलांचा ढीग असायचा. म्हणून बाजाराच्या दिवशी मशीन सुरू, हा त्या माडीचा रिवाज पडला.

पुढे संस्थेचे पैसे आटले, ती गेली. कागद मुंबईला गेले आणि तिकडेच वाळवीच्या घशात गेले असं ऐकिवात आलं. मशीन न्यायला कुणी आलं नाही, धर्मेंद्रही गेला नाही. बायको उज्ज्वला मुलीच्या बाळंतपणाला म्हणून नाशकाला गेली. नातू आता तिसरीत आहे. भांडण वगैरे काही नाही. ती फोनवर विचारते, "येताय का?" तो म्हणतो, "मशीनं सोडून कसा येऊ?" मग दोघंही जेवलात का विचारतात आणि फोन ठेवतात.

आता त्याची खरी चूक सांगतो. चांगल्या माणसाचीही चूक झाकू नये.

सात वर्षांपूर्वी सोनल त्याच्याकडे आली. वनहक्काचे दावे लढवणाऱ्या संघटनेची कार्यकर्ती. हुशार, बोलायला फटकळ. कायदा आला होता: २००५च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्या, जमीन नावावर करून घ्या. आणि तो पुरावा मोखाड्यात या एकाच मशीनमध्ये होता. ती म्हणाली, "काका, सगळ्याची कॉपी द्या. पाड्यापाड्यावर आम्हीच दाखवू. तुम्हाला त्रास नको."

त्रास नको, हेच त्याला लागलं. त्याने डोळ्याला डोळा न भिडवता सांगून टाकलं, "ही जुनी पद्धत आहे. याची कॉपी होत नाही. करायला गेलो तर डिस्क जाईल."

साफ खोटं. एक केबल आणि अर्ध्या तासाचं काम होतं. पण कॉपी गेली की त्या जिन्याने कोण कशाला चढेल? सोनलने विश्वास ठेवला. तेव्हापासून ती दोन-तीन महिन्यांनी कुणाला तरी घेऊन यायची, हवा तो तुकडा छापून न्यायची. त्या दिवशी धर्मेंद्र आधीपासून दूध आणून ठेवायचा, दाढी करायचा. चोराच्या मनात चांदणं, म्हणून प्रत्येक वेळी न विचारताच सांगायचा, "फार जपावं लागतं हं याला."

यंदा डिसेंबरात ढवळू आला. साखरशेतच्या वरच्या पाड्यावरचा, चाळिशीचा, बोलायला कमी. बाप मंगळू दोन वर्षांपूर्वी गेला. मंगळूने जन्मभर ज्या उतारावर नागली, म्हणजे नाचणी, पिकवली, त्याचा दावा पुराव्याअभावी परत आला होता. फेरसुनावणी मंगळवारी, जव्हारला. ढवळू एकटा आला, कारण सोनल दुसऱ्या सुनावणीत अडकली होती. दारातच उभा राहून म्हणाला, "सायेब, सोनलताईनी धाडलं. आमचा शेत काढून द्या. नायतर वीटभट्टीवर जायाचा कायमचा, दुसरा काय नाय."

"बस," धर्मेंद्र म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

मोखाड्याची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल. त्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली दगड झाली होती. धर्मेंद्रने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, आणि पडद्यावर एकच ओळ आली: डिस्क सापडत नाही. पुन्हा दाबलं. तीच ओळ. त्याने खोक्याला कान लावला. आत डिस्क फिरण्याचा आवाजच नव्हता. इतक्या वर्षांच्या डिस्कमधलं वंगण थंडीने घट्ट होतं आणि आतली सुई तबकडीला चिकटून बसते. हे त्याला माहीत होतं. दुसऱ्याच्या मशीनमध्ये असं झालं असतं तर त्याने शीळ घालत काम केलं असतं. आज शीळ सुचली नाही. सात वर्षांपूर्वी कॉपी दिली असती तर ढवळूचं शेत सोनलच्या पिशवीत असतं. आता ते इथे होतं, नाहीतर कुठेच नव्हतं.

"काय झाला, सायेब?"

"थंडीने गारठलंय. थोडा वेळ लागेल."

त्याने डिस्क बाहेर काढली. विटेपेक्षा लहान, पण जड. शेगडीवर धरून चालत नाही, हळूच ऊब द्यावी लागते. त्याचे स्वतःचे हात बर्फासारखे झालेले. ढवळूने काही न विचारता सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, डिस्क मऊ कापडात गुंडाळून पोटाशी धरली आणि वरून घोंगडी ओढून घेतली. अर्धा तास तो तसाच बसला. धर्मेंद्र समोर बसून घोंगडीकडे बघत राहिला. ढवळूला वाटलं असेल, सायेब मशीनचा विचार करतायत. सायेब आपल्या खोटेपणाचा विचार करत होता आणि त्याला ढवळूच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मग त्याने डिस्क तळहातावर सपाट धरली आणि मनगटाला एकच झटका दिला, चाक फिरवावं तसा. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्या झटक्याला आत काहीतरी सुटल्यासारखं हाताला जाणवलं. पटकन जोडली. बटण. बारीक शिट्टीसारखा आवाज चढत गेला आणि स्थिर झाला. धर्मेंद्र खुर्चीत बसला.

नकाशा त्याने आधी उघडला नाही. कपाटातून केबल काढली. सात वर्षं तिथेच होती, प्लास्टिकसुद्धा न काढलेली. मशीन त्याच्या लॅपटॉपला जोडलं आणि सगळंच्या सगळं उतरवून घेतलं. मग सोनलला फोन लावला.

"सोनल, कॉपी झाली. सगळ्याची."

"झाली? होत नाही म्हणाला होतात ना?"

"होत होती. मी खोटं बोललो."

"का, काका?"

"तुम्ही येणं बंद कराल म्हणून."

ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बरं. ढवळूचं बघा आधी," आणि फोन ठेवला.

ढवळूचं बघितलं आणि वेगळंच संकट उभं राहिलं. नकाशावर पाड्याच्या वरचा सगळा उतार रंगवलेला होता, प्रत्येक तुकड्यात नाव. मधोमध एक तुकडा कोरा. ना रंग, ना नाव. ढवळूने बोट ठेवलं. "हाच आमचा."

"मग नाव का नाही? मोजणीला मंगळू नव्हता?"

ढवळूने मान खाली घातली. "बा पळाला होता. दांडा, फीत घेऊन मानसा आली, बाला वाटला जंगलखात्याची. आधी एकदा कोयता, नांगर सगळा उचलून नेला होता त्याचा. मी बारा वरसाचा. बानं मला सांगला, कोनी इचारला तर बोल, हा शेत आमचा नाय. मी तसाच बोललो."

घ्या. दुसऱ्या कुणी आपल्या जमिनीवरचा हक्क असा सोडला असता का? पण ज्याचा नांगर एकदा गेलाय त्याला ते शहाणपणच वाटणार. बाप जंगलात लपला, पोराने शिकवल्याप्रमाणे सांगितलं, आणि मोजणीवाल्यांनी तुकडा कोरा सोडला. ढवळू उठलाच. "जातो सायेब."

"खाली बस," धर्मेंद्र ओरडला. तो क्वचित ओरडतो. "फॉर्म मी भरलेत. मला माहीत आहे त्यात काय काय असायचं."

नकाशा हे चित्र झालं. त्याच्यामागे प्रत्येक शेताचा फॉर्म होता, आणि प्रत्येक फॉर्ममध्ये चतुःसीमा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, वर कोण, खाली कोण. तलाठ्याच्या कागदावर असतं तसंच. कोऱ्या तुकड्याच्या एका अंगाला ओहोळ होता. उरलेल्या तीन अंगांना तीन शेजारी. धर्मेंद्रने पहिला फॉर्म उघडला. गंगी नावाच्या बाईने सांगितलेला. पश्चिमेस: मंगळूची नागली. दुसरा उघडला. वरच्या अंगाला: मंगळू. तिसरा. पूर्वेस: मंगळू, आणि पुढे, बापाच्या वेळेपासून.

मंगळू स्वतः पळाला होता, पण शेजाऱ्यांनी आपलं शेत सांगताना त्याला सोडलं नव्हतं. त्याच्याशिवाय त्यांना स्वतःचं शेत सांगताच आलं नसतं. धर्मेंद्रने तिन्ही फॉर्म वाचून दाखवले. ढवळूने ते परत वाचायला लावले. मग तो भिंतीकडे तोंड करून रडला, आणि धर्मेंद्र चहा टाकायच्या निमित्ताने आत गेला.

सोनलचा फोन आला: तीन शेजाऱ्यांनी जव्हारला यावं, आणि हे कागद त्याच मशीनमधले आहेत असं प्रतिज्ञापत्र मशीन सांभाळणाऱ्याने करावं. म्हणजे धर्मेंद्रने.

दाव्याचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, उगाच टांगून कशाला ठेवू? सुनावणीच्या समितीने तिन्ही फॉर्म बघितले, शेजाऱ्यांना विचारलं आणि दावा मान्य केला. ढवळूला वीटभट्टी सुटली. कॉपी सोनलकडे गेली. पण धर्मेंद्रच्या बाबतीतली गोष्ट त्याआधी तासभर घडली, कचेरीबाहेर, टायपिस्टच्या टेबलाशी.

टायपिस्टने भराभरा नाव, वय, धंदा, पत्ता घेतला. मग न बघता विचारलं, "ओळख कोण देणार?"

"म्हणजे?"

"तुम्हाला ओळखणारा कुणी सही करायला लागतो. हाच तो इसम, मी याला ओळखतो, असं. आणा कुणाला तरी."

ढवळू पुढे आला. "मी वळखतो."

"दावेदार चालणार नाही." सोनलने हात वर करायच्या आतच टायपिस्टने मान हलवली. "तुम्ही त्यांच्या बाजूच्या. बाहेरचं कुणी सांगा. शेजारी, मित्र, कुणीही."

धर्मेंद्रने फोन काढला. नावं वर-खाली केली. भिवंडी पार्सल. नाशिक पार्सल. वसई, कपॅसिटरवाला. खालचा किराणावाला त्याला 'वरचे' म्हणतो. खरं नाव त्याला ठाऊक असेल असं वाटेना. घरमालक ठाण्याला. जव्हार तर त्याचं जन्मगाव, पण बरोबरीचे कोण कुठे गेले, त्याने कधी विचारलं नव्हतं. हजारो शेतांची चतुःसीमा त्याने स्वतःच्या बोटांनी भरली होती, आणि त्याच्या स्वतःच्या चारी बाजूंना लिहायला एक नाव सापडेना. अशा वेळी माणसाला रडू येत नाही, लाज वाटते. तो फोनकडे बघत नुसता उभा राहिला.

"मी वळखते ह्याला."

ती गंगी होती. शेजाऱ्यांमधली, जीपमधून आलेली. पंचावन्न-साठीची, डोक्यावर फडकं बांधलेली. धर्मेंद्रला ती आठवत नव्हती.

"किती वर्षांपासून?" टायपिस्टने विचारलं.

"माझी चंदना पोटात होती तवापासून. तिला आता दोन पोरा." तिने धर्मेंद्रकडे बोट केलं. "मोजनीवाला पोर आजारी पडला तर हाच आलता कागद लिहाया. एकच दिवस. आमचे घरी जेवला. नागलीची भाकर आन उडदाची डाळ. तिखट लागली तं नाकातोंडातून पानी, तरी दुसऱ्यांदा घेतली."

सगळे हसले. धर्मेंद्रला डाळ आठवली. चूल आठवली, आणि तिखटाने रडवेला होऊन हसणारा बत्तीस वर्षांचा आपण आठवला.

"जाताना बोलला, तुमचा शेत कागदावर आला का दाखवाया घेऊन येन," गंगी सांगत होती. "मी घरधन्याला बोलले, तो येल, शिकलेला मानूस हाय, बोलला तं येल. लय दिवस वाट पाहिली. रस्त्यावर कोनी दिसला का पोरा बोलत, नकाशावाला आला. मंग नाय आला."

"आजी, तेवढं लिहायचं नसतं," टायपिस्ट म्हणाला. "इथं अंगठा करा."

तिने शाईत अंगठा बुडवला, कागदावर दाबला, फडक्याला पुसला. मग धर्मेंद्रकडे वळली. रागावलेली नव्हती. खरंच विचारत होती.

"का नाय आलास रं?"

सत्तावीस वर्षं दर बाजाराला तो मशीन सुरू करून बसला होता, कुणीतरी जिना चढून येईल म्हणून. आणि कुणी येत नाही याचा मनातल्या मनात सगळ्या मुलखावर राग धरून होता. गंगीचं साखरशेत मोखाड्याहून जीपने तासाभराच्या वाटेवर होतं.